तेलवाल्याचं नाव न घेता

आनंदराज सोनकांबळे नांदेडच्या रेल्वे विभागीय कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली. नोकरीत त्यांनी पस्तीस वर्षं इतरांच्या अर्जांवर शेरे मारले होते. निवृत्तीनंतर तो हात थांबेना, म्हणून ते देशाच्या कारभारावर शेरे मारू लागले. वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात आठवड्यातून एकदा तरी त्यांचं नाव असायचं. त्यांची पत्नी उज्वलाताई ती पत्रं कापून डब्यांखाली अंथरत असत. छापून आलेली ओळ वाया जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

त्या वर्षी आपल्या देशानं एका तेलसंपन्न राज्याशी मोठा करार केला. तिथं राजा होता, राजाचे भाऊ मंत्री होते आणि भावांचे मेहुणे न्यायाधीश होते. तेल अमाप होतं आणि निवडणूक नव्हती. टीव्हीवर महिनाभर तोच विषय. कुणी म्हणे, तेल पाहिजे तर दोस्ती पाहिजे. कुणी म्हणे, लेखकांना तुरुंगात टाकणाऱ्याच्या गळ्यात लोकशाहीनं कसला हार घालायचा? आनंदराजांनी तीन पत्रं लिहिली. तिसरं इतकं झोंबरं होतं की लातूरच्या जनसंवाद व्याख्यान मंडळाच्या चिटणिसांचा, व्यंकटराव जाधवांचा, फोन आला.

"सर, आमच्याकडं याच विषयावर जाहीर वादविवाद ठेवलाय. मैत्रीच्या बाजूनं आमचे प्राध्यापक सिद्धेश्वर बिराजदार बोलणार हाएत. तुम्ही विरोधी बाजूनं या."

आनंदराजांनी त्याच दिवशी एकोणीस पानांचं भाषण लिहून काढलं.

शनिवारी मुलीचा, बुद्धप्रियाचा, फोन आला. ती मुदखेडला शाळेत शिक्षिका होती आणि तिचा नवरा दोन वर्षांपासून त्याच राज्यात वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करत होता.

"बाबा, तुम्ही भाषण करायला चाललात म्हणे."

"हो. तुझ्या आईनं सांगितलं वाटतं."

"बाबा, पुढच्या महिन्यात ह्यांच्या व्हिसाचं नूतनीकरण आहे."

"अगं, लातूरच्या सभागृहातलं भाषण तो राजा कशाला ऐकतोय?"

"राजा नाही ऐकत. पण कुणीतरी मोबाइलवर टाकतं, ते कुणीतरी तिकडं पाठवतं. ह्यांच्याबरोबरच्या एकाला अशीच चौकशी लागली होती. आणि ह्यांच्या अर्जात सासऱ्याचं नाव पण लिहिलंय."

आनंदराजांनी विचारवंतासारखा घसा साफ केला. "विचारस्वातंत्र्य..."

"बाबा, विचार करा हो पाहिजे तेवढा. फक्त नाव घेऊ नका. देशाचं नाही, राजाचं नाही, तिथलं काहीच नाही. शब्द द्या."

त्यांनी शब्द दिला. मग बसून एकोणीस पानांतून सगळी नावं खोडली. राज्य गेलं, राजा गेला, राजधानी गेली. 'राजे' होतं तिथं 'तेलवाला' आलं. 'पासपोर्ट' म्हटलं की लगेच परदेश आठवतो, म्हणून तिथं 'कागदपत्रं' केलं. राजवाड्याचा बंगला झाला. शेवटी भाषण अकरा पानांवर आलं. ते उज्वलाताईंना वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "आता हे कुणालाही लागू होतं."

"हेच तर हवं होतं," आनंदराज म्हणाले आणि रविवारी सकाळच्या एसटीनं लातूरला निघाले.

आता लातूरची बाजू सांगायला हवी. जनसंवाद मंडळाचे अध्यक्ष होते बसवराज अप्पा. मूळचे उदगीरकडचे, लातूरला त्यांची खाद्यतेलाची मोठी मिल. सभागृह त्यांनीच बांधून दिलेलं, खुर्च्या त्यांच्या, पंखे त्यांचे, वक्त्यांना द्यायची शाल त्यांची. घटनेप्रमाणे अध्यक्षाची निवडणूक दर तीन वर्षांनी व्हायची होती, पण अप्पा बावीस वर्षं अध्यक्ष होते. निवडणुकीचा विषय निघाला की सभा चहासाठी थांबत असे आणि चहा संपला की विषयही संपलेला असे. लोकांना अप्पांचा राग होता आणि अप्पांवाचून चालतही नव्हतं. माणूस वाईट नव्हता. कुणाचं ऐकायची सवय तेवढी मोडली होती.

व्यंकटरावांनी त्यांना वादविवादाची परवानगी फोनवरच मागितली होती.

"विषय काय?" अप्पांनी विचारलं होतं.

"तेल, अप्पा. तेल आणि मैत्री."

"लई बेस! ठेवा," अप्पा म्हणाले होते. त्यांना वाटलं सोयाबीनचं.

फ्लेक्सवाल्यानं 'तेलसंपन्न राजवटीशी मैत्री' एवढं लांब बसत नाही म्हणून 'तेलवाल्याशी मैत्री: गरज की लाचारी?' असं करून टाकलं. व्यंकटरावांनी ते सभागृहात लागल्यावरच पाहिलं आणि तेव्हा शिडी परत गेली होती.

रविवारी सभागृह भरलं. दोनेकशे माणसं आली असतील. अप्पांना मिलवर काही काम निघालं, म्हणून अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवून कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेत अप्पांची सून रुद्राणी बसली होती. ती अभियांत्रिकी शिकलेली, मिलचा सगळा हिशेब संगणकावर आणणारी, आणि तरी मिलवर जायचं तर ड्रायव्हरची वाट बघत बसणारी.

सिद्धेश्वर बिराजदारांनी सुरुवात चांगली केली. त्यांनी देशाचं नाव घेतलं, आकडे सांगितले. आपल्या घरातला गॅस, शेतातला ट्रॅक्टर, आपली तिकडं राबणारी लाखो माणसं, हे सगळं कसं त्या मैत्रीवर चालतं ते पटवून दिलं. "तत्त्व आणि इंधन यांत निवड करायची वेळ आली, तर आधी चूल पेटवावी," असं म्हणून ते टाळ्यांत खाली बसले.

मग आनंदराज उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान उलटलं, आणि त्याच क्षणी बाजूच्या दारातून बसवराज अप्पा आत आले. आनंदराजांनी अप्पांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांना दिसला तो पांढऱ्या कपड्यातला, कपाळावर भस्माचे पट्टे असलेला, भारदस्त माणूस. तो व्यासपीठावर येऊन मधल्या खुर्चीत बसला. हेच अध्यक्ष, हे ओळखून आनंदराजांनी आदरानं मान लववली आणि बोलायला लागले.

"मित्रहो, मी कुणाचं नाव घेणार नाही. घ्यायची गरजही नाही. तुम्ही सगळे त्या तेलवाल्याला ओळखता."

सभागृहात कुणीतरी खोकलं.

"तेलाच्या जोरावर माणूस काय विकत घेऊ शकत नाही? इमारती घेतो, माणसं घेतो, टाळ्या घेतो. खुर्चीवर बसून याला वीस वर्षांवर होऊन गेली. निवडणूक नाही. मी विचारतो, का नाही?"

मागच्या रांगेतून एक टाळी आली, आणि लगेच थांबली.

अप्पांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. व्यंकटरावांनी एका चिठ्ठीवर 'आवरा' असं लिहून ती आनंदराजांच्या पुढं सरकवली. आनंदराजांना वाटलं, वेळ संपत आली. म्हणून त्यांनी मधली सौम्य पानं सोडली, ज्यांत दोन्ही बाजू मांडल्या होत्या, आणि थेट आठव्या पानावर उडी मारली.

"एका लेखकानं त्याच्याविरुद्ध चार ओळी लिहिल्या. चार! तर त्याला कोंडून घातलं! परगावाहून गरीब मजूर आणतो आणि त्यांची कागदपत्रं काढून घेऊन स्वतःच्या कपाटात ठेवतो, म्हणजे कुणी सोडून जायला नको. परवापरवापर्यंत याच्या राज्यात बाईनं गाडी चालवायची नाही, असा नियम. आणि आपण काय करतो? त्याच्या हातून शाल घेतो आणि हसून फोटो काढतो!"

आता सभागृहात जे झालं त्याला हशा म्हणता येणार नाही. दोनशे माणसं एकाच वेळी हसू दाबायला लागली की खुर्च्या हलतात, तसा आवाज झाला. रुद्राणीनं पदर तोंडावर धरला होता. टाळ्या मात्र खुल्या पडल्या आणि थांबेचनात. आनंदराजांना इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. परराष्ट्र धोरणाविषयी लातूर एवढं जागरूक आहे, हे पाहून त्यांचे डोळे भरून आले. ते घामाघूम होऊन खाली बसले.

सिद्धेश्वर बिराजदारांना उत्तराची पाच मिनिटं होती. काय गोंधळ झालाय ते त्यांना कळलं होतं, आणि गोंधळ निस्तरण्यासाठी ते घाईनं उठले. पण घाईत माणसाचं डोकं चालत नाही.

"हे बघा, तो हुकूमशहा आहे, मान्य. हट्टी आहे, मान्य. पण त्याच्याशी गोड बोलून आपलं काम होतंय ना? मग बोलावं! मनातून कुणाला आवडतो तो? पण गरज..."

"सिद्धेश्वर!" अप्पा खुर्चीतून उठले. "तुला नोकरीला लावायला शब्द कुणी टाकला रे?"

सिद्धेश्वर खाली बसले.

अप्पांनी माईक ओढून घेतला. "नांदेडहून माणूस बोलावून मला ऐकवता काय? ऐकवा. बावीस वर्षांत कुणी तोंडावर बोललं न्हाई, आज बोलले. मी भ्यालो न्हाई. एकेक उत्तर देतो."

आनंदराज चमकून सिद्धेश्वरांकडे वळले. "हे कुणाबद्दल बोलताहेत?"

"स्वतःबद्दल," सिद्धेश्वर कुजबुजले. "तुम्ही पण त्यांच्याबद्दलच बोललात."

"तो लेखक म्हणे कोंडला!" अप्पा गरजले. "इल्ला, इल्ला! साफ खोटं! तो कवी माझ्या तेलावर कविता करून आला होता, त्याला समजावायला गोदामात नेलं. दार वाऱ्यानं लागलं! अडीच तास कडी निघंना. आत दोनदा चहा पाठवला खिडकीतून. इचारा त्याला!"

हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या रांगेतून एक बारीक माणूस उभा राहून म्हणाला, "चहा एकदाच आला होता." आणि लगेच बसला.

आनंदराज ताडकन उठले. ते प्रामाणिक गृहस्थ होते, गैरसमजावर मिळालेल्या टाळ्या त्यांना पचणार नव्हत्या. "अध्यक्षमहोदय, माझं भाषण तुमच्या..."

पाठीमागून व्यंकटरावांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली ओढलं. "सर, पाया पडतो. बसा. बावीस वर्षांत पहिल्यांदा उत्तरं देऊन राहिलेत."

"अहो पण हे खोट्यावर..."

"खोटं कुठंय? कडीचं खरं निघालं न्हवं?"

तिकडे अप्पांचं चालूच होतं. बिहारहून आलेल्या बावीस कामगारांची आधार कार्डं त्यांच्या कपाटात होती, हेही त्यांनीच सांगितलं. "हरवतात म्हणून ठेवली. त्यात माझा काय फायदा? उद्या सकाळी वाटून टाकतो, खामखा इज्जत जायला नको. आन बायांच्या गाडीचं कोण बोललं? माझ्या घरात कुणाला बंदी हाय?"

रुद्राणी उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, माझं लायसन्स तीन वर्षांपासून देवघराच्या फळीवर आहे. मग मी उद्यापासून गाडी घेऊन मिलवर येते."

अप्पांनी सभागृहाकडं पाहिलं. दोनशे माणसं बघत होती. "हाव," ते म्हणाले. "ये की. कुणी अडवलं?"

टाळ्या झाल्या. अप्पांना त्या टाळ्या आवडल्या की नाही ते कळलं नाही, पण त्या ऐकताना ते जरा सरळ उभे राहिले. "निवडणूक म्हणता ना? घ्या. पुढल्या महिन्यात घ्या. पण आता माझं एक ऐका. मैत्री ठेवायची का तोडायची, ते मला तोंडावर सांगा. ठेवायची म्हणणारे हात वर करा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. हात वर करावा तर लाचार दिसतो, न करावा तर सभागृहाला पंखे कोण देणार? दहाबारा हात अर्धे वर आले आणि कान खाजवून खाली गेले. मग पुन्हा रुद्राणीच बोलली.

"अट घालून ठेवायची, असा पण पर्याय पाहिजे ना? सगळं जग तसंच चालतंय. माल घ्या, पैसे द्या, पण चूक दिसली की तोंडावर सांगायची मुभा ठेवा."

"अट घालून ठेवायची म्हणणारे?" व्यंकटरावांनी संधी साधून विचारलं.

जवळजवळ सगळे हात वर गेले. त्यात बिराजदारांचा होता, आणि भान न राहून आनंदराजांचाही होता. आपण आपल्याच अकरा पानांच्या विरोधात मत दिलं, हे त्यांना अहमदपूर गेल्यावर एसटीत लक्षात आलं.

मंगळवारी दुपारी नांदेडला त्यांच्या दारात गाडी थांबली. गाडी रुद्राणी चालवत होती. बाजूच्या सीटवर बसवराज अप्पा एका हातानं दारावरची पकडायची मूठ आणि दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र घट्ट धरून बसले होते. लोह्याच्या अलीकडे तिनं तीन ट्रक मागे टाकले होते, आणि तेव्हापासून अप्पा बोलले नव्हते.

उज्वलाताईंनी पाणी दिलं. अप्पांनी वर्तमानपत्र उलगडून आनंदराजांपुढं ठेवलं. 'तेलसंपन्न राजवटीवर लातुरात रंगला वादविवाद,' असा मथळा होता. खाली त्या राज्याविषयी, कराराविषयी, आनंदराजांच्या 'परखड विवेचना'विषयी सगळं होतं. अप्पांचं नाव शेवटच्या ओळीत, 'अध्यक्षस्थानी' एवढंच.

"म्हणजे हे त्या राजाबद्दल होतं?"

"होय अप्पा. मला मुलीनं नाव घ्यायला मनाई केली होती. मी सांगायला उठलो होतो, पण..."

"त्यातलं एक पण माझ्याबद्दल न्हवतं?"

"एकही नाही. मला तुमची माहितीच नव्हती."

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आनंदराजांना वाटलं, आता हा माणूस सुटकेचा श्वास टाकेल. पण अप्पांचा चेहरा पडला होता. आपल्यावर एवढं बोलायला कुणीतरी नांदेडहून तिकीट काढून आलं, याचा त्यांना राग होता तसा थोडा अभिमानही होता, आणि तो गेला.

"मग ते लोक का हसून राहिले होते?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर आनंदराजांकडे होतं, पण पाहुण्याला देण्यासारखं नव्हतं. रुद्राणी खिडकीबाहेर बघत राहिली.

"तर मग झालं," अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. "आरोपच माझ्यावर न्हवते, तर मी कबूल केलेलं पण रद्द. निवडणूक रद्द. समदं वापस."

तेवढ्यात उज्वलाताई ताटात गरम भजी घेऊन आल्या. ताट खाली ठेवत त्या म्हणाल्या, "अप्पा, भाषण तुमच्यावर नव्हतं. पण उत्तरं तर तुमचीच होती ना?"

अप्पांनी भजं उचललं, तसंच धरून ठेवलं. आनंदराजांनी पस्तीस वर्षांत असा नेमका शेरा कुठल्या अर्जावर मारला नव्हता.

"कागद वाटले काल," अप्पा शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "चार जण त्याच दिवशी निघून गेले. अठरा राहिले. त्यातला एक म्हणला, मालक, कपाटात होतं तेव्हा रोज वाटायचं पळावं. आता वाटत न्हाई." त्यांनी भजं तोंडात टाकलं. "मला हे मालूमच न्हवतं."

मग त्यांनी चपला काढून मांडी घातली आणि विचारलं, "बरं, त्या राजाचं खरं काय ते सांगा. दोस्ती ठेवावी का न्हाई?"

आणि लातूरच्या सभागृहात जो वाद झालाच नव्हता, तो नांदेडच्या त्या घरात झाला. आनंदराज तुरुंगातल्या लेखकांबद्दल बोलले. अप्पा म्हणाले, पण तुमचा जावई तिथंच जेवतो. आनंदराज म्हणाले, म्हणूनच तर मला झोप लागत नाही. अप्पा म्हणाले, माल घेताना गिऱ्हाइकानं तोंड बंद ठेवावं. रुद्राणी म्हणाली, गिऱ्हाईक मोठं असेल तर उघडलं तरी चालतं. दोन तास कुणाचंच कुणाला पटलं नाही. उज्वलाताईंनी भजी तीनदा तळली. निघताना अप्पांनी आनंदराजांना कार्यक्रमात द्यायची राहून गेलेली शाल दिली. आनंदराजांनी आपल्या भाषणातलं वाक्य आठवून क्षणभर हात मागे घेतला, मग घेतली. फोटो मात्र काढू दिला नाही.

पुढल्या महिन्यात जावयाच्या व्हिसाचं नूतनीकरण बिनबोभाट झालं, आणि लातूरची निवडणूकही झाली. अप्पा उभे राहिले आणि त्यांच्याविरुद्ध, बावीस वर्षं चिठ्ठ्या लिहिणारे व्यंकटराव उभे राहिले. निकालाच्या दिवशी अप्पांचा फोन आला.

"निवडून आलो, सोनकांबळे साहेब! अकरा मतांनी!" बावीस वर्षांच्या अध्यक्षपदाचा त्यांना एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"अभिनंदन अप्पा. विरोधात किती पडली?"

"एकशे चार." आवाज जरा उतरला. "कोण कोण ते कळंना. व्यंकटला इचारलं, तर तो म्हणतो गुप्त मतदान हाय, सांगता येत न्हाई."

"मग आता?"

"मग काय," अप्पा उसासा टाकून म्हणाले, "आता सगळ्यांशीच गोड बोलावं लागून राहिलं."